एकच बनलेलं विमान

जुन्या विमानाचा फोटो समोर आला की मी आधी चाकं बघते. झेंडा, अक्षरं, कमरेवर हात ठेवून शेजारी उभा असलेला वैमानिक, हे सगळं नंतर. तिसरं चाक नाकाखाली आहे की शेपटीखाली, एवढ्यावरच निम्मी यादी गळते. मग पंख. ते वर आहेत की खाली, आणि वर असतील तर त्यांना खालून आधार देणारी तिरकी दांडी, म्हणजे स्ट्रट, एक आहे, दोन आहेत की मुळीच नाही. मग नाक. नाक रुंद आणि दोन्ही बाजूंना हवेसाठी भोकं असतील तर आत आडवं बसवलेलं सपाट इंजिन, बहुधा अमेरिकन. नाक लांबट, चिंचोळं आणि हवेचं भोक एकाच बाजूला असेल तर एका ओळीतलं उलटं टांगलेलं इंजिन, बहुधा ब्रिटिश किंवा चेक. गोल गरगरीत नाक म्हणजे रेडियल, सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेलं इंजिन. शेपटी मी मुद्दाम शेवटी बघते. शेपटीचा आकार मनात भरला की एखादं नाव जिभेवर येऊन बसतं आणि मग डोळा बाकीचं बघायला राजी होत नाही.

लढाऊ विमानं, मोठी प्रवासी विमानं यांच्या मागे लागणारे पुष्कळ आहेत. मला ओढ आहे ती लहान विमानांची. दोन ते सहा माणसांची, एका इंजिनाची, आणि त्यातही अशी की जी एक किंवा दोनच बनली आणि काम थांबलं. कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडलेल्या विमानाचे फोटो, पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या, चालवणारे लोक, सगळं मागे उरतं. एकुलत्या एका नमुन्याचं तसं होत नाही. कंपनी बंद पडते, आराखडे रद्दीत जातात, विमान भंगारात जातं आणि एखाद्या अल्बममध्ये खाली काहीही न लिहिलेला एक फोटो राहतो. आमच्या सोलापुरात चादरीच्या नव्या नक्षीचा आधी एक तुकडा विणून बघतात. व्यापाऱ्याने मान हलवली नाही तर ती नक्षी मागावर परत चढत नाही. पण तो तुकडा विणायलासुद्धा कुणीतरी नक्षी काढलेली असते, मागाला नक्षी सांगणारे जॅकार्डचे भोकांचे पत्ते पाडलेले असतात, सूत भरलेलं असतं. या विमानांकडे मी त्याच नजरेने बघते.

सोलापूरच्या मुलीला हा नाद कसा लागला, असं मला विचारतात. होटगी रस्त्यावर विमानतळ होता, पण माझ्या लहानपणी नेमाने येणारं-जाणारं प्रवासी विमान तिथे नव्हतं. धावपट्टीच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवर शहराने वर्षानुवर्षं वाद घातला. ती जून २०२३मध्ये पाडली गेली आणि गोव्याची नियमित विमानसेवा सुरू व्हायला जून २०२५ उजाडला. त्यामुळे विमानं मला भेटली ती रद्दीच्या दुकानात. परदेशी विमानांची जाडजूड इंग्रजी वार्षिकं तिथे किलोवर मिळायची. आई विचारायची, “काय बघूलालीस गं एवढं त्यात?” त्या वार्षिकांत मोठ्या कंपन्यांना पानंच्या पानं असायची आणि मागे कुठेतरी चार ओळींत आटपलेलं एखादं विमान असायचं: पहिलं उड्डाण अमुक तारखेला, एक नमुना तयार. पुढच्या वर्षीच्या अंकात त्या चार ओळीही नसायच्या. ते विमान गेलं कुठे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

पण सोलापूरचा आणि विमानांचा संबंध एवढाच नाही. वालचंद हिराचंद दोशी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच गावात जन्मले. त्यांच्या नावाची कॉलेजं आम्हाला रोजच्या रस्त्यावर दिसतात, त्यांच्या वडिलांच्या नावाचं वाचनालय गावात आहे. साखर, जहाजं, मोटारी हे सगळं सांगितलं जातं. विमानांचं फार थोड्या जणांना ठाऊक असतं. १९३९मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली तेव्हा चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होते. भारतात असा कारखाना का नको, ही वालचंदांच्या डोक्यातली गोष्ट तिथे पक्की झाली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजचं एचएएल ते हेच. १९४२मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारने वालचंदांचा वाटा विकत घेतला आणि कारखाना त्यांच्या हातून गेला.

त्या कारखान्यातून ऑगस्ट १९४१मध्ये पहिलं विमान उडालं ते हार्लो पीसी-५. हे नाव ऐकलेला माणूस मला सोलापुरात क्वचितच भेटतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॅक्स हार्लो हे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना ज्युनियर कॉलेजमध्ये शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९३७मध्ये वर्गाचं काम म्हणून एक चार आसनी विमान बांधलं, तेही धातूचं, चाकं आत ओढून घेणारं. कॉलेजच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पीजेसी-१. त्यातून पुढे पीजेसी-२ आलं, ते मोजकंच बनलं. त्याच घराण्यातलं पुढचं, एकामागे एक बसायच्या दोन आसनांचं प्रशिक्षण विमान म्हणजे पीसी-५. अमेरिकेत ते कधी रांगेने बनलंच नाही. बंगळुरात त्याचे भाग येऊन मोजकी विमानं जुळवली गेली आणि तिथेही विषय संपला. म्हणजे सोलापूरच्या माणसाने ज्या कारखान्याचा पाया घातला, त्याचं पहिलंच विमान हे उत्पादनापर्यंत कधी न पोचलेल्या जातीचं होतं.

हार्लो ओळखणं अवघड का, तर भारतातल्या त्या काळच्या फोटोत खाली पंख, गोल नाक आणि वैमानिकांच्या डोक्यावर लांबलचक काचेचं झाकण, म्हणजे कॅनपी, दिसलं की सगळे हार्वर्ड या अमेरिकन प्रशिक्षण विमानाचं नाव घेऊन मोकळे होतात. हार्वर्ड भारतात मुबलक होती, त्यामुळे फोटोंवर तेच नाव पडत जातं. इथे माणसं कामाला येतात. हार्वर्डच्या नाकात ५५० ते ६०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, त्याच्यापुढे उभा राहिलेला माणूस लहान दिसतो. हार्लोच्या नाकापुढे तोच माणूस अंगाने मोठा वाटतो. म्हणून मी फोटोत उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीशी नाकाचा व्यास ताडून बघते. अंदाज ढोबळच निघतो, पण हार्वर्ड आणि हार्लो वेगळी करायला तेवढा पुरतो.

त्याच १९४१ साली, त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी सैनिकांसाठी दहा आसनांचं एक ग्लायडर रचलं. जी-१ नावाचं ते ग्लायडर एकच बनलं. घाटगे मराठी माणूस, जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान झालं, ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालं आणि दीडशेहून जास्त संख्येने बनलं. एचटी-२बद्दल लिहिलेलं सापडतं. जी-१चा उल्लेख चुकूनमाकून. पण ज्या माणसांनी एचटी-२ बनवलं, त्यातल्या काहींचे हात आधी जी-१वर बसलेले होते. हे विसरून एचटी-२ची गोष्ट सांगता येते असं मला वाटत नाही.

एचटी-२ आणि चिपमंक हे ब्रिटिश-कॅनेडियन प्रशिक्षण विमान यांचाही असाच घोळ होतो. दोन्ही खाली पंखांची, दोन्ही शेपटीखाली चाक असलेली, दोन्हींच्या नाकात उलटं टांगलेलं चार सिलिंडरचं इंजिन. अशा वेळी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे आधी बघावं लागतं. जुन्या निगेटिव्हची बाजू फिरली की डावं उजवं होतं. अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर नाकावरचं हवेचं भोक आणि प्रोपेलरच्या पात्यांचा पीळ बघायचा. अमेरिकन सपाट इंजिनं वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, जिप्सी मेजरसारखी ब्रिटिश इंजिनं उलटी. पीळ एका देशाचा आणि नाक दुसऱ्या देशाचं दिसलं, तर फोटो फिरलेला आहे असं समजून पुढे जायचं.

शेपटीजवळची नोंदणीची अक्षरं वाचता आली तर वाट सोपी होते. व्हीटी म्हणजे भारत, जी ब्रिटन, ओके चेक, आय इटली. फ्रान्समध्ये एफनंतर डब्ल्यू असेल तर ते चाचणीतलं विमान. अमेरिकेत चाळीसच्या दशकाअखेरपर्यंत एनच्या पुढे एक्स लिहायचे ते प्रयोगातल्या विमानांवर. पण अक्षरं नेहमी मिळत नाहीत, आणि फोटोतल्या जागेवरून देश ठरवायला जाणं धोक्याचं आहे. राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा आणि महिंद्र यांनी मिळून केलेलं एनएम-५ हे पाच आसनी भारतीय विमान १ सप्टेंबर २०११ रोजी पहिल्यांदा उडालं ते ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात. तेही नमुन्यापुढे गेलं नाही. अजून पन्नास वर्षांनी तो फोटो बघणारा मागच्या माळरानावरून ऑस्ट्रेलियन विमानांत शोधत बसेल.

याच प्रयोगशाळेचं एलसीआरए हे छोटं विमान २६ फेब्रुवारी १९८७ रोजी उडालं. बर्ट रुटान या अमेरिकन रचनाकाराच्या लाँग-ईझी विमानावर बेतलेलं, मुख्य पंख मागे, छोटा पंख पुढे, प्रोपेलर शेपटाकडे. या घराण्यातलं विमान जमिनीवर नाक टेकवून उभं दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं अपघात झालाय. तसं नसतं. इंजिन मागे असल्यामुळे वैमानिक उतरला की वजन मागे झुकतं, म्हणून पुढचं चाक आत ओढून त्याला नाकावर बसवूनच ठेवतात. ही एक गोष्ट माहीत असली की “अपघातग्रस्त अज्ञात विमान” असं लिहिलेल्या कितीतरी फोटोंचं कोडं सुटतं.

परदेशी विमानांत माझा सगळ्यात जीव जडलाय तो प्लॅनेट सॅटेलाइटवर. १९४८चं ब्रिटन. युद्ध संपलेलं, आता घरटी विमान असणार या आशेने लहानमोठ्या कंपन्या कामाला लागलेल्या. डंडास हीनन यांनी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं चार आसनी विमान काढलं. थेंबासारखं निमुळतं अंग, व्ही आकाराची शेपटी, इंजिन प्रवाशांच्या मागे पोटात आणि प्रोपेलर थेट शेपटीच्या टोकाला. आज बघितलं तरी ते पुढच्या काळातलं वाटतं. त्या वर्षी फार्नबरोच्या विमान प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि लोक खिळून बघत राहिले. चाचण्यांत मात्र ते जमिनीपासून जेमतेम वर उठलं. एकदा उतरताना चाकांनी मान टाकली, पुढच्या वेळी उतरताना तळाचा कणाच तडकला. सांगाडा नव्याने रचावा लागणार हे कळल्यावर पैसा आणि धीर दोन्ही संपले. जी-एएलओआय ही त्याची अक्षरं. या विमानाचं दुसरं अंग अर्धवट तयार होतं. ते फर्थ नावाच्या कंपनीने उचललं आणि त्याचं हेलिकॉप्टर करायला घेतलं. तेही कधी उडालं नाही. म्हणून तसलं थेंबासारखं अंग आणि वर हेलिकॉप्टरचे दांडे असा फोटो समोर आला की तो दुसऱ्याच कुठल्या तरी कुळात शोधला जातो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की खिडक्यांची ओळ जुळते. ते जुळलेलं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला झालेला आनंद मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

अमेरिकेत तर १९४६ या एका वर्षात तीस हजारांवर लहान विमानं बनली आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. त्या दोन-तीन वर्षांतल्या एकुलत्या नमुन्यांची यादी लांबच लांब आहे. डग्लसने क्लाउडस्टर-२ हे पाच आसनी विमान १९४७मध्ये उडवलं, आणि ते विकण्याच्या किमतीत बसणार नाही म्हणून सोडून दिलं. मोठ्या कंपन्यांचं हे नंतरही चालूच राहिलं. सेस्नाचं १८७ हे १९६८चं विमान त्यांच्याच १८२ची जागा घेणार होतं. त्याच्या पंखांना स्ट्रट नाहीत, त्यामुळे सेस्नाचंच दुसरं विमान, कार्डिनल, म्हणून त्याची ओळख चुकते.

एकच बनलेल्या विमानातून पुढे काहीच निघत नाही असं कुणी म्हणालं की मी ब्रिटन-नॉर्मन बीएन-१एफचं नाव घेते. जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन या दोन तरुणांनी स्वतः बांधलेलं एका माणसाचं छोटं विमान, १९५१चं. एकच झालं. पुढे १९६५मध्ये याच दोघांचं आयलंडर उडालं, बाराशेवर बनलं, आपल्या नौदलातही आलं. ते पहिलं एकुलतं विमान साउदॅम्प्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलंय. जपणारं कुणी असलं की ओळखायचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे जपणारे कमी. म्हणून सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या एका काकांचा फोटो मला इतका मोलाचा वाटतो. तेलुगू घरातले काका, हवाई दलात इंजिन फिटर होते. निवृत्तीनंतर घरी परतले. मागच्या खोलीत भावाचे यंत्रमाग, त्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून तळहाताएवढा काळा-पांढरा फोटो काढून दिला. वर पंख, शेपटीखाली चाक, बंद केबिन, चार माणसांची जागा. शेजारी ओव्हरऑल घातलेली पोरं. बघणारे सगळे म्हणायचे अमेरिकन सेस्ना, नाहीतर ब्रिटिश ऑस्टर. काकांना ते ऐकवत नव्हतं. “विकत आणलेलं न्हाई ते पोरी, आमच्या हातचं हाय. कानपूरचं.”

कानपूरच्या हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोत हरजिंदर सिंग यांनी खरंच असं विमान बनवून घेतलं होतं. इंजिनिअरिंग शिकून हवाई शिपाई म्हणून भरती झालेले आणि एअर व्हाइस मार्शलपर्यंत पोचलेले हे गृहस्थ. विमानाचं नाव कानपूर-१, इंजिन १९० अश्वशक्तीचं. त्यानंतर २५० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन कानपूर-२ ऑक्टोबर १९६१मध्ये उडालं. सैन्याच्या निरीक्षणाच्या कामासाठी पुढे एचएएलचं कृषक हे विमान बनत गेलं आणि कानपूरची गोष्ट तिथेच राहिली.

काकांच्या आठवणीवर माझा विश्वास होता, पण आठवण ही साक्ष असते आणि साक्षीला पुराव्याची जोड द्यावी लागते. फोटोत मागे हँगरचं दार उघडं होतं आणि आत एका मोठ्या विमानाचं उभं शेपूट दिसत होतं. भिंगातून बघितल्यावर ते अ‍ॅव्हरो ७४८चं निघालं. कानपुरात जुळवलेलं पहिलं अ‍ॅव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडालं. म्हणजे जागा जुळली, काळ जुळला. मग विमान. कानपूर-१ बरीच वर्षं चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात होतं, आता तिथल्याच हवाई दलाच्या वारसा केंद्रात आहे. त्याचे आजचे फोटो घेऊन खिडकीची प्रत्येक कड, दाराची बिजागरी, शेपटीची रेषा ताडून बघितली. घराणं तेच, शंका उरली नाही. नाक मात्र वेगळं. फोटोच्या मागे पेन्सिलीने काकांच्याच अक्षरात लिहिलं होतं: “नवं, मोठ्या इंजिनाचं.” मी त्यांना कानपूर-२ असं नाव आणि महिना सांगितला. त्यांनी फोटोतल्या पोरांची नावं एकेक करून मला लिहून घ्यायला लावली, गावासकट. विमानाच्या नावापेक्षा त्यांना ती यादी महत्त्वाची होती, आणि त्या दिवसापासून मलाही आहे.

मराठी माणसाशी या विषयावर बोलायला बसलं की शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघतंच. त्यांनी १८९५मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडवलं असं सांगतात. मला त्या नावाबद्दल आदर आहे, पण माझ्या यादीत ते विमान नाही. फोटो नाही, मोजमापं नाहीत, यंत्राचा तुकडा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा आधार सांगतात, तो भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्ये तपासला. ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्या अभिमानाला खरी विमानं कमी आहेत का? घाटग्यांचं ग्लायडर आहे. नागरी विमान खात्याच्या तंत्र केंद्रात एस. रामामृतम यांनी रचलेली, १३ जानेवारी १९६७ रोजी उडालेली रेवती आहे. यांना तारीख आहे, रचणारा आहे, फोटो आहे. त्यांच्याबद्दल शाळेत एक ओळ नाही आणि चौपाटीची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ, हे मला खुपतं.

आपल्या काळातलंही एक आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली, २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. त्याचे हजारो फोटो लोकांच्या मोबाईलमध्ये आहेत. जवळजवळ सगळ्यांत समोर माणूस आणि मागे विमानाचा एखादा कोपरा. माझी कळकळीची विनंती आहे की ज्यांनी ते पाहिलं त्यांनी बाजूने घेतलेला, चाकं आणि शेपटी पूर्ण दिसणारा फोटो वेगळा काढून ठेवावा आणि त्यावर तारीख, जागा लिहावी.

आणि ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांच्याशीही थोडं बोलायचंय. सोलापुरातून कितीतरी पोरं हवाई दलात, बंगळूरच्या कारखान्यात, कानपूरला गेली. त्यांच्या पेट्यांत असे फोटो असणार. फोटो मोबाईलवर घ्याल तेव्हा कडा कापू नका, मागचं हँगर, खांब, गाडी, सगळं येऊ द्या. पाठीमागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीचं अक्षर असतं. काळपटपणा घालवायला रंग चढवू नका, त्यात प्रोपेलरचा पीळ आणि अक्षरांच्या खुणा पुसल्या जातात. आणि घरात त्या वेळचं कुणी असेल, तर फोटोतल्या माणसांची नावं आजच विचारून घ्या. विमान कुठलं ते नंतरही काढता येतं.